पाव इंच आणि यूनिसची खुर्ची

९ जानेवारी, मंगळवार

आणि मी स्वयंपाकघरात का असते, तर कॉफीमुळे. दुसरं काही कारण नाही. अख्खं अंडं टरफलासकट कॉफीच्या भुकटीत कालवायचं, उकळायचं, वरून गार पाण्याचा हबका मारायचा. आमच्या चर्चच्या तळघरात हे माझ्याशिवाय कुणाला धड जमत नाही. म्हणून मंगळवारी बाकीच्या बायका बाहेरच्या हॉलमध्ये, गोधडी ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीभोवती बसून शिवतात आणि मी आत असते. दुसऱ्या गावांत म्हणे जिचा टाका वाईट तिला गोड बोलून स्वयंपाकघरात घालवतात. असेल. त्या गावांत.

आता यूनिस गेली. बिचारी. चौकटीपाशी तिची खुर्ची रिकामी झाली. वयानं मी मोठी, तेव्हा खुर्ची माझी. हे सांगायला लागू नये. तरी मार्डेलला सांगितलं. मार्डेल या बायकांची पुढारी. शाळेत गणित शिकवायची, अजून शिकवतेच. म्हणाली, बघू या गं अर्विला, आधी चर्चच्या सप्टेंबरमधल्या लिलावाच्या गोधडीसाठी बारा चौकोन शिवून दे, चांदण्यांचे.

देते की. सरळ रेघेत शिवायचं. त्यात काय आहे?

खुर्ची मानासाठी नकोय मला. मान गेला खड्ड्यात. पण जे काय बोलणं होतं ते चौकटीपाशी होतं. कुणाचा जावई पळाला, कुणाचं ऑपरेशन बिघडलं, पास्टरची बायको काय म्हणाली. मी ट्रे घेऊन बाहेर येते तर सगळ्या हसून हसून डोळे पुसत असतात. काय झालं विचारलं तर म्हणतात, जाऊ दे, पहिल्यापासून सांगावं लागेल. मग सांगा ना पहिल्यापासून! तर कॉफी गार होईल म्हणतात.

घरी हार्लन. नवरा चांगला आहे, पण त्याचं बोलणं म्हणजे हवामान.

ठराव: महिनाअखेर बारा चौकोन तयार.

१६ जानेवारी, मंगळवार

परीक्षा घेतली माझी! या वयात!

कापडाच्या दीड-दीड इंच रुंद तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवून आणायच्या. शिवण कडेपासून बरोबर पाव इंचावर असेल तर तिन्ही मिळून साडेतीन इंच भरतात. प्रत्येकीनं आणायच्या, म्हणजे सगळ्यांचे चौकोन एकमेकांना जुळतात, असा मार्डेलचा नियम. माझ्या तीन इंच भरल्या. मी म्हटलं, दुसरी मोजपट्टी घे. तिनं दुसरी घेतली. तीन इंच. दोन्ही मोजपट्ट्या एकाच दुकानातल्या असणार.

मी म्हटलं, थंडीत कापड आक्रसतं. बाहेर उणे वीस. यावर कुणी काही बोललं नाही, म्हणजे पटलं.

मार्डेल म्हणाली, अगं, तू नजरेनं शिवू नकोस, मशीनला नवीन फूट लाव. सुईखाली कापड दाबून धरतो तोच, पण याच्या उजव्या कडेला एक लोखंडी पट्टी असते. कापडाची कड त्या पट्टीला टेकवून सरकवत न्यायची, शिवण आपोआप पाव इंचावर पडते. आंधळ्यालाही जमतं.

मी म्हटलं, मग आंधळ्याला द्या.

सगळ्या खो खो हसल्या. आणि यावेळी मी तिथंच होते. घरी येईस्तोवर बरं वाटत होतं.

फूट घेणार नाही. नसती थेरं. नजर शाबूत आहे माझी.

३० जानेवारी

एक चौकोन झाला. म्हणजे झालाच म्हणायचं. साडेबारा इंच यायला हवा तो साडेअकरा आला. चांदणी छान आहे, फक्त लहान आहे. लांबची चांदणी लहानच दिसते.

हार्लनला दाखवला. म्हणाला, उद्या वारा आहे.

त्याला फूट आणायला शहरात पाठवलं. माझ्यासाठी नव्हे. मार्डेलच्या समाधानासाठी.

३ फेब्रुवारी

आणलेला फूट माझ्या मशीनला बसत नाही. माझं मशीन सासूबाईंचं, दणकट, त्याचा फूट अडकवायचा दांडा उंच. नवे फूट बुटक्या दांड्याचे. दुकानातल्या मुलीनं हार्लनला विचारलं होतं, काका, मशीन कुठलं आहे? हा म्हणाला, काळं.

परत जाऊन बदलून आणतो म्हणाला. कशाला! चाळीस मैल! त्यानं तासभर गॅरेजमध्ये खाटखूट केली आणि वॉशर अन् तारेनं बसवून दिला. धान्याच्या कोठारावर जन्मभर मशिनंच दुरुस्त केलीत त्यानं. कडेची लोखंडी पट्टी जराशी तिरकी वाटते. पण मीही वाटतेच जराशी तिरकी. चालतंय.

५ फेब्रुवारी

सुई तुटली. तुकडा कानाजवळून गेला. आधी हार्लनची पँट नागमोडी टाक्यानं शिवली होती आणि मशीन तसंच ठेवलं होतं. या नव्या फुटाला मधोमध सुईपुरतं एकच भोक. सुई डावीकडे गेली की आदळलीच लोखंडावर.

यात माझी चूक काय? एवढ्या महागाच्या वस्तूला दोन भोकं पाडता येत नाहीत?

दुसरी सुई घातली. सरळ टाका लावला. तारेनं कापड ओरबाडलं. तार वाकवली. दुसरी सुई तुटली. उद्या बघू. मन ताजं असताना शिवावं.

२० फेब्रुवारी, मंगळवार

नणंद फर्न भेटली चर्चमध्ये. हार्लनची धाकटी बहीण. चौकटीपाशी बसते, पण मनानं चांगली आहे. म्हणाली, वहिनी, जमतंय ना? मी येऊ का बसायला जोडीला? मी म्हटलं, काही गरज नाही, धडाक्यात चाललंय. सहा झाले.

सहा नाही झाले. पण होतील, म्हणून सांगितलं.

मार्डेल म्हणाली, पाव इंचालासुद्धा केसभर कमी शिवायचं, कारण कापड दुमडतं तिथं केसभर जागा खातं. मग पाव इंच कशाला म्हणता? केसभर कमी म्हणा! तरी बरं, गणिताची बाई.

यूनिसच्या खुर्चीत आज जोलीन बसली होती. डुलुथ शहरातून नुकतीच इथं राहायला आलेली, साठीची पोर. तात्पुरती, असं मार्डेल म्हणाली. माझ्यासाठी खुर्ची ऊबदार राहील.

२ मार्च

आता कळलं. टेकव म्हणाली होती ना, मी कापड पट्टीला नीट रेटून शिवत होते. रेटलं की कड पट्टीवर चढते आणि गुंडाळली जाते, शिवण जाडच पडते. चार चौकोन पावणेबारा इंच. इस्त्रीची वाफ देऊन ताणले. एक साडेबारा झाला! एका बाजूनं. दुसऱ्या बाजूनं वाटीसारखा झालाय. टेबलावर ठेवला तर डुलतो.

हार्लन म्हणाला, उसव की गं. मी म्हटलं, तू काय बर्फातली मासेमारी उसवून परत करतोस का?  म्हणाला, बर्फ वितळायला लागलाय.

ठराव: उसवायचं नाही. उसवत बसतात त्यांचं आयुष्य उसवण्यात जातं. पुढचे बरोबर करायचे.

१२ मार्च

पुढचे मोठे आले. पट्टीला हळूच टेकवू म्हटलं, तर कापड पट्टीपासून लांब पळालं आणि शिवण बारीक पडली. पावणेतेरा इंच. डोळ्यांत पाणी आलं. कांदे चिरत नव्हते.

दोन तास नुसती मशीनकडे बघत बसले. पायाखालचं पेडल दाबलं की ते पळतं, सोडलं की थांबतं, एवढंच कळतं मला त्यातलं. मधे काय होतं ते कळत नाही. दोन रेघा शेजारी शेजारी ठेवायच्या, एवढंच तर काम. दर वेळी वाटतं आता पडली बरोबर. कापड काढावं तर कुठंतरी गेलेलीच असते.

१४ मार्च

सुटला प्रश्न! मोठे आले ते बरेच झाले. मोठ्याचं लहान करता येतं, लहानाचं मोठं होत नाही. कात्री घेतली, साडेबारा इंचाचा पुठ्ठा वर ठेवला आणि चारी बाजूंनी छाटून टाकले. सगळे एकसारखे! मापात! एवढं सोपं असताना या बायका सुतासुताला जीव टाकतात.

छाटताना चांदण्यांची टोकं थोडी गेली. म्हणजे टोकाबाहेर पाव इंच कापड उरायला हवं असतं, तिथंच शिवण पडते, ते उरलं नाही. शेजारच्या चौकोनाला जोडलं की टोकं शिवणीत बुडतील. बुडू देत. खऱ्या चांदण्यांना कुठं टोकं असतात? मी पाहिल्यात. गोल असतात.

१९ मार्च, मंगळवार

दिले. बारा. सात छाटलेले, चार ताणलेले आणि तो पहिला, जो लांबचा आहे.

मार्डेलनं चष्मा लावला. एकेक उचलून उजेडात धरला. वाटीसारखा होता तो टेबलावर ठेवला तर डुलला. जोलीन खिडकीबाहेर बघायला लागली.  मग मार्डेल म्हणाली, वेळेवर आणलेस, अर्विला.

वेळेवर! मार्डेल कुणाला इतकं सहज म्हणत नाही. गेल्या वर्षी फर्नला म्हणाली होती, बरे आहेत. फक्त बरे.

माझे वेगळे ठेवले तिनं, कपाटात वरच्या खणात. बाकीच्यांचे टेबलावरच पडले होते.

खुर्चीचं विचारलं. म्हणाली, गोधडी चौकटीवर चढली की बघू.

९ एप्रिल, मंगळवार

फूट काढून ठेवला. त्याचं काम झालं. खरं सांगायचं तर तो नसता तरी चाललं असतं.

बसायची गादी शिवायला घेतलीय, यूनिसच्या खुर्चीसाठी. लाकडी आहे, टोचते. मापबिप काही घेतलं नाही.

१४ मे, मंगळवार

गोधडीचा वरचा भाग जोडून झालाय, भिंतीवर लावलाय. काय दिसतोय! सगळ्या चांदण्यांना टोकं, एकाला एक भिडलेली. मी माझे बारा शोधले. चटकन सापडेनात, इतके सगळे सारखे. शेवटी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातले माझे हे ओळखलं. तिथल्या चांदण्यांत जरा जास्त जीव आहे.

टोकंसुद्धा आलीत त्यांना. म्हणजे छाटण्यानं काही बिघडलं नव्हतं. उगाच घाबरवतात माणसाला.

फर्नला बोलावून दाखवले. म्हटलं, बघ, टोकं बघ. ती म्हणाली, हो गं वहिनी, सुंदर आहेत. आणि मला मिठी मारली. फर्न तशी मिठ्या मारणाऱ्यातली नाही. रजोनिवृत्तीत पण मारली नव्हती.

११ जून, मंगळवार

गोधडी चौकटीवर चढली. गादी घेऊन गेले. खुर्चीवर ठेवली. जरा मोठी झालीय, दोन्हीकडून लोंबते, पण बसले.

सुईत दोरा ओवते तोच मार्डेल म्हणाली, अर्विला, कॉफी कुठवर आलीय गं? उठले. परत आले तर जोलीन बसलेली, माझ्या गादीवर. म्हणाली, काकू, किती मऊ आहे! उठू का? मी म्हटलं, बस, बस. काय म्हणणार?

पुन्हा एकदा ती उठली तेव्हा बसले. मार्डेल म्हणाली, तो कोपरा नाजूक आहे, आणि लिंबाच्या वड्या कापायच्या राहिल्यात.

वड्या कापल्या. बाहेर हसत होत्या. हॉलकडच्या खिडकीला कान लावला. फ्रिजच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही.

१६ जुलै, मंगळवार

फार उकाडा. डास. तीच कथा. आज कॉफी करून थर्मासात भरून मगच बाहेर गेले, म्हणजे कुणाला निमित्त नको. तर मार्डेल म्हणाली, आज बर्फाचा चहा करू या का?

तिचा काही डाव आहे असं नाही. माझ्यावाचून अडतं त्यांचं, त्याला ती तरी काय करणार? जे हाताला चांगलं असतं तेच माणसाला आयुष्यभर करावं लागतं.

ठराव: कॉफी वाईट करायची.

२३ जुलै, मंगळवार

वाईट केली. कुणाला कळली नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

शेवटचा टाका झाला. गोधडी चौकटीवरून उतरवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दारातून वाजवल्या, हात ओले होते. खुर्चीचं आता नव्या गोधडीच्या वेळी बघू, असं मीच मार्डेलला म्हटलं. तिला बोलायची वेळ येऊ दिली नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार. लिलाव.

फार थकलेय, पण लिहिते.

गोधडीनं लिलाव गाजवला. सेंट पॉलहून आलेल्या एका जोडप्यानं घेतली. बोली चालू होण्याआधी मी त्यांना उजवीकडचा खालचा कोपरा दाखवला. म्हटलं, ते बारा माझे. बाई म्हणाली, आजी, काय हात आहे तुमचा! मागे मार्डेल उभी होती. चष्मा पुसायला लागली. तिला दुसऱ्यांचं कौतुक जड जातं, शिक्षकी पेशा.

मग किरकोळ टेबलापाशी गेले. जॅम, लोणची, विणलेले मोजे आणि गरम भांडी धरायची कापडी फडकी. जाड, चौकोनी, मधे चांदणी. काय ती चांदणी! नाकं कापलेली! एक तर फडकं असून टेबलावर डुलत होतं. मला राहवेना. मी जोरात म्हटलं, अगं बायांनो, हे कुणी केलंय? पाय बांधून शिवलंय का? आमच्या चर्चच्या नावानं असलं विकायचं? जिनं कुणी शिवलंय तिला म्हणावं, नवीन फूट घे, कडेला पट्टी असते, आंधळ्यालाही जमतं!

मला वाटलं हसतील. गेल्या खेपेला हसल्या होत्या.

कुणी हसलं नाही. फर्न जॅमच्या बरण्या सरळ करायला लागली. त्या सरळच होत्या. जोलीनचा चेहरा लालभडक. म्हणाली, काकू, अस्तर आणि काठ मी लावलेत, कपाटात नुसतेच पडले होते ते चौकोन, मला वाटलं... आणि मार्डेलनं तिच्या दंडाला धरलं. मला वाईट वाटलं पोरीचं. नवीन आहे. मी तिच्या पाठीवर थोपटलं, म्हटलं, असू दे, शिकशील. आणि तिला बरं वाटावं म्हणून दोन विकत घेतली. अर्ध्या किमतीत. मालच तसा होता.

२२ सप्टेंबर, रविवार

दुपारी ओव्हनमधून हॉटडिश काढली, बटाटे-खिम्याची, त्याच नव्या फडक्यांनी. हार्लन टेबलाशी बसला होता. फडक्याकडे बघत होता. म्हणाला, ही तुझी ना?

मी म्हटलं, काय?

म्हणाला, चांदणी. हिवाळाभर याच टेबलावर होती.

मी म्हटलं, माझ्या गोधडीत आहेत. सेंट पॉलला गेल्या. तुला काय कळतंय? तर यावर त्यानं हवामानाचं काही काढलं नाही. काढायला हवं होतं.

फर्नला फोन केला. जोलीनला माहीत नव्हतं, वहिनी, असं ती म्हणाली. मी काही विचारायच्या आधीच. मग मी विचारलं, खालचा उजवा कोपरा कुणाचा? ती म्हणाली, वहिनी, जाऊ दे ना. मी म्हटलं, फर्न. तर म्हणाली, मार्डेलचा. तिनं मार्चमध्येच शिवले बारा. तुला वाईट वाटू नये म्हणून आम्ही कुणी...

फोन ठेवला. हॉटडिश गार झाली. हार्लननं तशीच खाल्ली, दोनदा घेतली.

कापड हलकं होतं. आणि तो फूट दुसऱ्या मशीनचा होता. आणि फेब्रुवारीत उजेड कुठं असतो? आणि

२४ सप्टेंबर, मंगळवार

गेले. न जाऊन काय करते, कॉफी कोण करणार?

बाहेर मुळीच आवाज नव्हता. ट्रे घेऊन गेले तर सगळ्या आपापल्या सुईकडे बघत होत्या. पहिल्यांदाच मी आले तेव्हा कुणी हसत नव्हतं. जोलीन भिंतीशी उभी. यूनिसची खुर्ची मोकळी, माझी गादी घातलेली. मार्डेल उठली, खुर्ची मागे ओढली, म्हणाली, ये गं अर्विला. बस.

मी म्हटलं, कॉफी उतू जाईल.

ती म्हणाली, थर्मासात आहे. बस.

मी बसले की नाही ते मी लिहिणार नाही. कुणी विचारूही नये.